मत गेले, शुल्क राहिले

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयातून विद्यार्थ्याच्या हाती जी पावती पडते, ती सहसा कोणी वाचत नाही. तळाशी असलेला बेरजेचा आकडा तेवढा पाहिला जातो आणि पालक सुस्कारा टाकून ती घडी करून खिशात ठेवतात. हल्ली ही पावती संगणकातून निघते, तरी तिचा साचा जुनाच आहे. शिक्षणशुल्काच्या खाली बारीक अक्षरांत एक लांब मालिका असते : ग्रंथालय, जिमखाना, वार्षिक नियतकालिक, सांस्कृतिक उपक्रम, विद्यार्थी कल्याण निधी, ओळखपत्र, अश्वमेध, आपत्ती व्यवस्थापन. यांतील एकेक रक्कम इतकी किरकोळ असते की तिच्याविषयी खिडकीवर हुज्जत घालणारा विद्यार्थी मागच्या रांगेच्या रोषास पात्र व्हावा. मात्र तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात एखाद्या शीर्षाखाली माणशी शंभर रुपये घेतले, तर त्या शीर्षाची जमा तीन लाख होते, आणि अशी शीर्षे एकाहून अधिक असतात.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या मालिकेत एक ओळखीची वस्तू दिसते. ज्या रकमेचा भरणा सक्तीचा असतो आणि जिच्या मोबदल्यात भरणाऱ्याला व्यक्तिशः अमुक एक सेवा मिळेलच अशी हमी नसते, तिला आपल्या शास्त्रात कर म्हणतात. जिमखान्याचे पैसे भरणारा प्रत्येक जण क्रिकेट खेळत नाही आणि नियतकालिकाचे पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची कविता छापून येत नाही. त्यात गैर काही नाही, कारण सामूहिक जीवनाचा खर्च असाच भागवावा लागतो. प्रश्न एवढाच की हा कर कोठे खर्च व्हावा, हे ठरविताना करदात्याला कोणी विचारते काय? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर गेली तीस वर्षे बहुतांशी नकारार्थी आहे.

राज्यातील विद्यापीठांसाठी १९९४ साली जो एकत्रित कायदा झाला, त्याने महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेचे स्वरूप मुळापासून बदलले. वर्गप्रतिनिधी निवडून येण्याची पद्धत गेली. आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखविणाऱ्या विद्यार्थ्याचे प्राचार्यांनी नामनिर्देशन करावे, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, सांस्कृतिक कार्य यांतून एकेक जण घ्यावा, दोन विद्यार्थिनी घ्याव्यात आणि या मंडळींनी आपसांत एक सचिव निवडावा, अशी व्यवस्था आली. परिषदेचे अध्यक्ष अर्थातच प्राचार्य. हा बदल होताना पावतीवरील एकही शीर्ष मात्र कमी झाले नाही. मत गेले, शुल्क राहिले.

या व्यवस्थेचा लाभार्थी मीही आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी शिपाई वर्गावर नोटीस घेऊन आला आणि मी वर्गप्रतिनिधी झाल्याचे मला व माझ्या वर्गाला एकाच वेळी समजले. मला गुण बरे होते, एवढीच माझी पात्रता. वर्गातील निम्म्या मुलांशी माझे बोलणेही नव्हते. वर्षभरात परिषदेच्या दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीचे इतिवृत्त आम्ही पोहोचण्यापूर्वीच लिहून तयार होते. स्नेहसंमेलनाच्या खर्चास ‘सर्वानुमते’ मान्यता दिल्याचे त्यात वाचून आम्ही सह्या केल्या, चहा घेतला आणि तासाला गेलो. त्या खर्चाचा आकडा किती होता, हे मला आज आठवत नाही, कारण तो मी तेव्हाही पाहिला नव्हता. यात कोणाची लबाडी होती असे मला वाटत नाही. ज्याला कोणी पाठविलेलेच नाही, त्याला परत जाऊन कोणाला सांगायचे नसते, आणि म्हणून तो आकडा पाहतही नाही.

निवडणुका बंद करणाऱ्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. त्या काळच्या महाविद्यालयीन निवडणुका म्हणजे लोकशाहीचे पाळणाघर होते, असे आज पुष्कळ जण हळवे होऊन लिहितात. ते अर्धसत्य आहे. पळवापळवी, मारामाऱ्या, बाहेरच्या गुंडांचा वावर आणि राजकीय पक्षांचा पैसा या गोष्टी खऱ्या होत्या. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि समाजमन हादरले. ज्या आईबापांनी मुलगा शिकावयास पाठविला होता, त्यांना लोकशाहीच्या प्रशिक्षणाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगावे? तथापि याच वर्षाची दुसरी एक नोंद आहे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला देशाचा पंतप्रधान कोण व्हावा यावर मत मिळाले, आणि पाच वर्षांनी त्याच्याच वर्गाचा प्रतिनिधी कोण असावा यावरील मत गेले. आजाराला औषध हवे होते हे मान्य केले, तरी येथे अवयवच कापला गेला.

औषध कसे असू शकते, हे पुढे लिंगडोह समितीने दाखविले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या या समितीने २००६ साली अहवाल दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायालयाने तिच्या शिफारशी अमलात आणण्यास सांगितले. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांहून अधिक नसावा, छापील भित्तिपत्रके नसावीत, हाताने लिहिलेलीच असावीत, पंचाहत्तर टक्के हजेरी असावी, पदवीच्या उमेदवाराचे वय सतरा ते बावीस असावे, राजकीय पक्षांचा पैसा घेऊ नये आणि सगळी प्रक्रिया दहा दिवसांत आटोपावी, असे तिचे नियम आहेत. वातावरण निवडणुकीस अनुकूल नसेल तेथे नामनिर्देशनाची मुभा समितीने दिली खरी, पण निव्वळ परीक्षेतील गुणांवर ते आधारू नये असेही बजावले, आणि ही पद्धत संक्रमणकाळापुरतीच मानून पाच वर्षांत निवडणुकीकडे वळावे असे सुचविले. महाराष्ट्रातील पद्धत नेमकी गुणांवरच उभी होती.

या अहवालातील एक विसंगती मात्र मला नेहमी खटकते. निकालानंतर दोन आठवड्यांत प्रत्येक उमेदवाराने आपल्या खर्चाचा तपासलेला हिशेब सादर करावा, असे समिती सांगते. म्हणजे मत मागण्यासाठी खर्चलेल्या पाच हजारांचा हिशेब मतदाराला कळलाच पाहिजे. पण निवडून आल्यावर ज्या लाखांच्या निधीशी त्याचा संबंध यावयाचा, त्याचे काय? सारी चर्चा निवडणूक कशी घ्यावी याभोवती फिरते. निवडून आलेल्याने करावयाचे काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. ज्या परिषदेच्या हाती किल्ली नाही तिच्या निवडणुकीत उरते ते केवळ प्रतिष्ठेचे भांडण, आणि प्रतिष्ठेच्या भांडणात हात लवकर उगारले जातात. सत्तरच्या व ऐंशीच्या दशकांतील हिंसेचे हेही एक कारण असावे, असा माझा तर्क आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याने निवडणुका परत आणल्या. महाविद्यालयाच्या परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी थेट मताने निवडावा, वर्गप्रतिनिधीही वर्गाने निवडावा, अशी तरतूद त्यात आहे. वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाला तो ‘निवडणुका परतल्या’ या मथळ्याखाली. माझ्या मते त्याहून महत्त्वाची तरतूद कलम ९७ मध्ये आहे. प्रत्येक महाविद्यालयात एक विकास समिती असावी, तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्यात आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकावर तिने चर्चा करावी, असे हे कलम सांगते. या समितीत संस्थाचालक आहेत, प्राचार्य आहेत, निवडून आलेले तीन अध्यापक आहेत, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी आहे, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिवही आहेत. याचा अर्थ, जेथे पैशांविषयी बोलले जाते त्या टेबलाशी कायद्याने विद्यार्थ्यांसाठी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत.

त्या खुर्च्यांवर बसावयास निवडून आलेला माणूस हवा. २०१९ साली निवडणुकांचे वेळापत्रक निघाले. मग विधानसभेची निवडणूक आली म्हणून ते पुढे ढकलण्यात आले. २०२० मध्ये करोनाने महाविद्यालयांनाच टाळे लावले. टाळे निघाल्यावरही पुढची काही वर्षे तशीच गेली. दरम्यान पदवीधरांच्या निवडणुका मात्र झाल्या. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर दहा प्रतिनिधी निवडून देतात. पुण्यात त्यांचे मतदान २०२२ साली झाले आणि मुंबईत ते लांबत लांबत, उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडले. राजकीय पक्षांनी त्यात घेतलेला रस सर्वांनी पाहिला. पदवी घेऊन जो विद्यापीठाबाहेर पडला त्याला मत आहे आणि जो आज आत बसून शुल्क भरतो आहे तो मात्र वाट पाहतो, अशी ही उफराटी स्थिती. गावात राहणाऱ्याला ग्रामपंचायतीचे मत नाही आणि गाव सोडून गेलेल्याला आहे, असे कोणी सांगितले तर आपण हसू.

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाईल. विद्यार्थ्यांना या हिशेबात खरोखर रस आहे काय? बहुतेकांना नाही, हे मी पहिल्या परिच्छेदातच कबूल केले आहे. मॅन्कर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने सामूहिक कृतीसंबंधी १९६५ साली जो सिद्धान्त मांडला, तो हेच सांगतो : गट मोठा असला आणि प्रत्येकाचा वाटा लहान असला की लक्ष घालण्याचे कष्ट एकट्याने कोणी घेत नाही. शंभर रुपयांसाठी कोण भांडेल? मात्र हाच सिद्धान्त असेही सांगतो की गट लहान असला की माणसे वेगळी वागतात, आणि याचा पडताळा मला वसतिगृहात मिळाला. आमची मेस विद्यार्थीच चालवीत. दर महिन्याला पाळीने एक जण सचिव होई. गहू, तेलाचा डबा, गॅस, आचाऱ्याचा पगार, भाजीवाल्याची उधारी हे सारे त्याने एका वहीत लिहावयाचे. महिनाअखेरीस एकूण खर्चाला सर्वांच्या जेवणाच्या दिवसांनी भागून दर काढावयाचा आणि ज्याचे जितके खाडे तितकी वजावट. ती वही भिंतीवर खिळ्याला टांगलेली असे. जो मुलगा वर्गात आकडेमोड पाहून झोपी जाई, तो त्या वहीपुढे उभा राहून डोळ्यांत तेल घालून बेरीज तपाशी, कारण आपले दोन खाडे सचिवाने गिळले असा त्याला संशय असे. सचिवावर आरोप झाले, एकदा तर बटाट्यांवरून रात्री बारापर्यंत सभा चालली. सरासरी खर्च म्हणजे काय, हे मी पुस्तकातून नंतर वाचले. त्या सभेत मी ते पाहिले होते.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांची व्यवस्था या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. ही आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांची दूरची भावंडेच म्हणावीत. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, आसपासचेच विद्यार्थी, त्यांतले पुष्कळसे नोकरी सांभाळून शिकणारे, वसतिगृह बहुधा नाही आणि तास संपला की घरी पळण्याची घाई. अशा ठिकाणी विद्यार्थी संघटना रुजणे कठीण, आणि तेथील निवडणुकांत मतदान पुष्कळदा तुरळकच होते. तरीही एकट्या कॅलिफोर्निया राज्याने आपल्या ११६ महाविद्यालयांसाठी केलेले नियम पाहावेत. १९८८ सालच्या कायद्याने तेथे अध्यापकांबरोबर विद्यार्थ्यांनाही कारभारात सहभाग दिला. गुणदानाचे धोरण, शिस्तीचे नियम, कोणता अभ्यासक्रम सुरू वा बंद करावा, अंदाजपत्रक कसे बांधावे आणि विद्यार्थ्यांवर कोणते शुल्क बसवावे, या विषयांवर त्यांचे म्हणणे ऐकल्याखेरीज निर्णय घेऊ नये असा दंडक आहे. नियामक मंडळावर विद्यार्थ्यांचा एक सदस्य बसतो. त्याचे मत सल्ल्यापुरतेच असते, हे खरे. प्रतिनिधित्वासाठी म्हणून दर सत्रास दोन डॉलरचे एक स्वतंत्र शुल्क २०१९ च्या कायद्याने ठरले आहे, आणि राजकीय, धार्मिक, नैतिक वा आर्थिक कारणास्तव ते भरण्यास नकार देण्याचा हक्कही विद्यार्थ्याला आहे. आपल्या पावतीवरील एखाद्या शीर्षाला नकार देता येईल, ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटेल.

मला सर्वांत आवडलेली तरतूद याहून साधी आहे. विद्यार्थी संघटनेच्या निधीतून एक डॉलर खर्च करावयाचा तरी आधी तिघांची संमती लागते : महाविद्यालयाचा अधिकारी, संघटनेचा सल्लागार अध्यापक आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. विद्यार्थी एकटा उधळपट्टी करू शकत नाही, आणि त्याच्यावाचून इतर दोघांनाही हात लावता येत नाही. नाट्यमंडळ असो, गणितमंडळ असो, तेथील मंडळांना खर्चासाठी याच वाटेने जावे लागते. यात उदात्त असे काही नाही. बँकेतील संयुक्त खात्याची ही शिस्त आहे आणि ती आपल्या प्रत्येक सहकारी पतपेढीला ठाऊक आहे.

आमच्या व्यवसायबंधूंचा यावरचा आक्षेप ठरलेला असतो. ‘मुलांच्या हाती पैसा दिला की पक्ष येतील, जात येईल, गटबाजी येईल.’ येईल, काही ठिकाणी नक्कीच येईल. पण ती आज नाही असे कोणी समजू नये. गणेशोत्सव, जयंत्या, दहीहंड्या आणि नेत्यांचे वाढदिवस यांच्या वर्गण्या गोळा करणारी मुले आमच्याच वर्गांत बसतात. वर्गणी मागणे, फलक रंगविणे, पन्नास जणांना एका जागी जमविणे ही सारी कौशल्ये ती महाविद्यालयाबाहेर शिकतात, आणि ज्यांच्याकडून शिकतात ते त्यांना हिशेब मांडावयास शिकवीत नाहीत. आमच्या कुंपणाआड त्यांना केवळ टाळ्या वाजविण्याचे काम उरले आहे.

आणि विद्यार्थ्यांच्या मंडळांकडून फार अपेक्षा नको असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास आठवावा. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४८ साली स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, तेव्हा ते निबंध वाचण्याचे एक मंडळच होते. दादाभाई नौरोजी त्यात आघाडीवर होते. पुढच्याच वर्षी या मंडळाने मुलींच्या शाळा उघडल्या आणि आरंभी सभासदांनी वेतन न घेता तेथे स्वतः शिकविले. त्यांचे नामनिर्देशन गुणपत्रिका पाहून कोणी केले नव्हते. आज आमच्या वाङ्मय मंडळाचे, अर्थशास्त्र मंडळाचे, निसर्ग मंडळाचे काय चालते? जुलैअखेर उद्घाटन, जानेवारीत एक व्याख्यान, मार्चमध्ये अहवाल. मूल्यांकनाची समिती येणार असेल तर छायाचित्रे अधिक. अध्यापक विषय ठरवितो, अध्यापकच पाहुणा ठरवितो, कार्यालय पैसे देते आणि विद्यार्थी सतरंजी अंथरतो.

निवडणुकांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, असे वाटून काही वर्षांपूर्वी मी एक लहान प्रयोग केला. आमच्या विभागाच्या मंडळाला वर्षाकाठी जी तुटपुंजी रक्कम मिळे, तिची खतावणी मी दोन विद्यार्थ्यांच्या हाती दिली. त्या दोघांना मंडळाच्या सभासदांनी चिठ्ठ्या टाकून निवडले होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी मागील वर्षाचा खर्च मागितला. त्यातील मोठा भाग पाहुण्यांची शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि अल्पोपाहार यांवर गेला होता, आणि तो खर्च माझ्याच सहीने झाला होता. त्यांनी शाल बंद केली. अल्पोपाहार चहावर आणला. उरलेल्या पैशांतून गावच्या आठवडी बाजाराची पाहणी करावयाचे ठरविले, चार रविवार भाजीच्या गाळ्यांवर उभे राहून दर टिपले आणि त्याचा तक्ता विभागाच्या फलकावर लावला. एका ज्येष्ठ पाहुण्यांना शालीवाचून निरोप द्यावा लागला तेव्हा मी पुरता ओशाळलो होतो, आणि ते दोघे दाराशी शांतपणे उभे होते.

त्या खतावणीचे शेवटचे पान माझ्या खणात आहे. दोनशे चाळीस रुपये शिल्लक दाखविली आहे आणि खाली तीन सह्या आहेत, दोन त्यांच्या व एक माझी. पुढच्या वर्षी, लेखापरीक्षणाच्या सोयीसाठी, सर्व मंडळांची खाती कार्यालयाकडे एकत्र करण्यात आली.